स्ट्रीट फोटोग्राफीची सुरुवात: आधी अंतर ठरवा, मग कॅमेरा

‘स्ट्रीट फोटोग्राफी सुरू करायचीय, कॅमेरा कोणता घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी उलट एक प्रश्न विचारते: अनोळखी माणसापासून किती अंतरावर उभं राहून तुम्ही न बिचकता फोटो काढू शकता? दीड मीटर? तीन? पाच? सुरुवातीला याचं उत्तर कुणाकडेच नसतं, कारण ते घरात बसून मिळत नाही. पण लेन्स कोणती घ्यायची, कॅमेरा केवढा असावा, फोकस कसा लावायचा, हे सगळं त्या एका आकड्यावर अवलंबून आहे. तो माहीत नसताना घेतलेला महागडा कॅमेरा कपाटात पडून राहतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. पहिला महिना फोनवरच सराव करायचा, मग लेन्स ठरवायची, कॅमेऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी.

स्ट्रीट फोटोग्राफी म्हणजे सार्वजनिक जागेत, कुणालाही ‘इकडे बघा’ न म्हणता काढलेले, आपसूक घडणाऱ्या क्षणांचे फोटो. त्यासाठी रस्ताच हवा असं नाही. रेल्वे स्थानक, बाग, बाजार, समुद्रकिनारा, वाचनालयाच्या पायऱ्या, काहीही चालतं. चौकटीत माणूस नसला तरी हरकत नाही, त्याची चाहूल असली की पुरे.

पहिला महिना: हातातल्या फोनवर

फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमी लेन्सइतकं रुंद दृश्य पकडतो. लेन्सचा हा आकडा, म्हणजे फोकल लेन्थ, जितका लहान तितकं दृश्य रुंद. म्हणजे माणूस मोठा दिसायला हवा असेल तर पुढे सरकावंच लागतं, आणि सरावासाठी नेमकं हेच हवं असतं. झूमला हात लावू नका. ग्रिड चालू करा. आवाजाचं बटण शटर म्हणून वापरायची सवय लावून घ्या, म्हणजे काचेवर बोट कुठे टेकवायचं हे शोधत बसावं लागत नाही. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, लॉक करायलाही शिका. उन्हात फोटो काढताना उजेडाच्या भागावर असं लॉक केलंत की आकाश पांढरंफटक येणं थांबतं.

पहिला आठवडा एकाच जागी घालवा. जिथे उजेडाचा एखादा पट्टा पडतो आणि मागची भिंत स्वच्छ आहे, अशी जागा शोधा आणि तासभर तिथेच थांबा. माणसं आपोआप उजेडात येतात आणि निघून जातात. पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा येतो. विसाव्या मिनिटापासून डोळे कामाला लागतात: कोण झपाझप चालतंय, कोण रेंगाळतंय, कोणाची सावली आधी पोचते. फिरून फोटो शोधण्यापेक्षा दबा धरून बसणं नवख्या माणसाला जास्त मानवतं. इथे तुम्ही कुणाच्या मागे जात नाही, माणसंच तुमच्या चौकटीत येतात. त्यामुळे भीड बरीच कमी होते.

दुसऱ्या आठवड्यात अंतर मोजा. मोठ्या माणसाचं एक साधं पाऊल साधारण ७० ते ७५ सेंटिमीटरचं असतं. चार पावलं म्हणजे तीन मीटर. एके दिवशी सगळे फोटो सात पावलांवरून काढा, पुढच्या दिवशी चार पावलांवरून, मग तीन, मग दोन. कुठल्या अंतरावर श्वास अडकतो, हात घाईने खाली येतो, हे वहीत लिहून ठेवा. ही नोंद कुठल्याही कॅमेऱ्याच्या परीक्षणापेक्षा तुमच्या जास्त कामाची आहे.

तिसऱ्या आठवड्यात एकच विषय घ्या: हात, छत्र्या, पाठमोरी माणसं, काचेतली प्रतिबिंबं. चौथ्या आठवड्यात नवं काही काढू नका. महिन्याभरातले आवडते २० फोटो निवडा आणि ते शांतपणे बघा. प्रत्येक फोटो कापून माणूस मोठा करावासा वाटतो का? तर तुम्हाला लांबची, म्हणजे मोठ्या आकड्याची लेन्स मानवेल. उलट, अजून थोडी भिंत, अजून एक माणूस चौकटीत आला असता तर बरं झालं असतं असं वाटत असेल, तर तुमची नजर रुंद आहे.

लेन्स: २८, ३५ की ५०

या कामासाठी तीन फोकल लेन्थ वर्षानुवर्षं वापरात आहेत आणि त्यांच्यातला फरक पावलांत मोजता येतो. आडव्या चौकटीत एक उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वरखाली थोडी मोकळी जागा ठेवून बसवायचा असेल, तर २८ मिमीला साधारण २.३ मीटरवर उभं राहावं लागतं, ३५ मिमीला २.९ मीटरवर, ५० मिमीला ४.२ मीटरवर. आता दुसऱ्या आठवड्यातली वही उघडा. तुमचा आकडा या तिघांपैकी ज्याच्या जवळ जातो, ती तुमची लेन्स.

हे आकडे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेम सेन्सरचे आहेत. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग. एपीएस-सी सेन्सर लहान असतो, म्हणून तिथे आकडा दीडाने भागायचा: ३५ मिमीचं दृश्य हवं तर २३ मिमीची लेन्स, ५० मिमीचं हवं तर ३३ किंवा ३५ मिमीची. त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरवर दोनाने भागा, तिथे १७ आणि २५ मिमी. कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांवर हा भाजक १.६ आहे, पण व्यवहारात फारसा फरक पडत नाही.

फक्त अंतरच बदलतं असं नाही, फोटोचा स्वभावही बदलतो. २८ मिमीला तुम्ही घोळक्याच्या आत असता. एका चौकटीत चार-पाच गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्या सगळ्या सांभाळाव्या लागतात. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड याचं बरंचसं काम २८ मिमीने झालं आहे. त्याच्या फोटोत माणसं कडेपर्यंत भरलेली असतात. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ बहुतेक आयुष्यभर ५० मिमी वापरत राहिला. त्याच्या चौकटी मोजक्या, भूमितीने बांधलेल्या वाटतात. ३५ मिमी या दोघांच्या मधे येते. ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याला मी ३५च सुचवते, कारण चुकलंच तर दोन्हीकडे सरकायला एकच पायरी लागते.

७०-२०० मिमीसारखा लांबचा झूम मात्र सुरुवातीला घेऊ नका. दूर उभं राहिल्याचं फोटोत दिसतंच. मागचं-पुढचं चपटं होऊन चिकटतं आणि बघणाऱ्याला आपण तिथे आहोत असं वाटत नाही. शिवाय लांबून आपल्यावर लेन्स रोखलेली दिसली की माणसं जास्त बिथरतात. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर सॉल लायटर याने लांबच्या लेन्सने, ओल्या काचांमधून आणि छत्र्यांच्या आडून अप्रतिम रंगीत फोटो काढले हे खरं. पण तो चित्रकार होता, त्याला ते चपटेपणच हवं होतं. तुम्हालाही तेच हवं असेल तर जरूर घ्या. भीड लपवायला मात्र घेऊ नका.

एकच प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स सहा महिने वापरा. सहा महिन्यांत डोळ्याला ती चौकट पाठ होते आणि कॅमेरा वर करायच्या आधीच फोटोत काय येईल ते कळू लागतं. झूमने हे होत नाही, कारण प्रत्येक वेळी चौकट बदलते. फोटो नंतर कापला तर पाप लागत नाही. कार्तिए-ब्रेसाँ कापाकापीच्या ठाम विरोधात होता, तरी १९३२ सालचा, पॅरिसच्या स्थानकामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा गाजलेला फोटो कापलेलाच आहे. तो कुंपणाच्या फटीतून काढावा लागला होता आणि बाजूची फळी चौकटीत आली होती.

आता कॅमेरा

कॅमेऱ्याकडून चार गोष्टी हव्यात. तो चटकन चालू व्हावा, आवाज करू नये, अपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र, शटरचा वेग आणि फोकस मेन्यूत न शिरता बदलता यावेत, आणि तो रोज सोबत नेण्याइतका हलका असावा. चौथी अट सगळ्यात महत्त्वाची. घरी ठेवलेल्या उत्तम कॅमेऱ्याचा उपयोग शून्य.

मेगापिक्सेलची चिंता सोडा. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० पिक्सेल या उत्तम दर्जाने तो २० बाय १३ इंचांवर छापता येतो, आणि एवढा मोठा फोटो आपण वर्षातून कितीदा छापतो? एफ/१.४ च्या जाडजूड लेन्सचीही गरज नाही; एफचा आकडा लहान तितकं अपर्चर मोठं. दिवसा आपण एफ/८ ला काम करतो. एफ/२ किंवा एफ/२.८ ची छोटी लेन्स हाताला आणि खिशाला सोयीची. स्टॅबिलायझेशन असेल तर चांगलंच, पण त्याने फक्त तुमच्या हाताचा कंप थांबतो. समोरचा चालणारा माणूस त्याने स्थिर होत नाही.

खिशात मावणाऱ्यांमध्ये रिकोची जीआर मालिका मला सगळ्यात नेमकी वाटते. जीआर ३ चं वजन बॅटरीसकट सुमारे २५७ ग्रॅम, सेन्सर एपीएस-सी, लेन्स २८ मिमीच्या बरोबरीची. ३एक्स या भावंडात ती ४० मिमीच्या बरोबरीची. या मालिकेतली ‘स्नॅप फोकस’ ही सोय खास याच कामासाठी आहे: अंतर आधीच ठरवून ठेवायचं आणि बटण पूर्ण दाबलं की कॅमेरा न शोधता तिथेच फोकस धरतो. उणिवाही लक्षात घ्या. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही, आणि बॅटरी एका चार्जवर दोनेकशे फोटोंच्या पुढे फारशी जात नाही.

फुजीफिल्मची एक्स१०० मालिका २०११ पासून आहे. २३ मिमी एफ/२ ची न बदलणारी लेन्स, म्हणजे ३५ मिमीचं दृश्य. शटर लेन्समध्येच असल्यामुळे जवळजवळ आवाज होत नाही. तिचा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर मला विशेष आवडतो, कारण त्यात चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. उजवीकडून कोणी येतंय हे आत शिरायच्या आधीच कळतं.

तिसरा मार्ग, आणि बहुतेकांनी निवडावा असा: चार-पाच वर्षं जुनी एखादी छोटी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली, बॉडी आणि तुमच्या अंतराची एक छोटी प्राइम लेन्स. पुढे लेन्स बदलायची मुभा राहते. घरात आधीपासून आरशाचा डीएसएलआर असेल तर तोही चालेल; आरशाचा खट्ट आवाज होतो, पण रहदारीच्या गोंगाटात तो कुणाला ऐकू येत नाही. फिल्मचा मोह होणाऱ्यांना एवढंच सांगेन की ३६ फोटोंचा रोल शिस्त शिकवतो, पण चुका दिसायला वेळ लागतो, म्हणून पहिलं वर्ष डिजिटल बरं.

जुना कॅमेरा घेताना घाई करू नका. मी एकदा संध्याकाळच्या अंधुक उजेडात लेन्स तपासून घेतली आणि घरी आल्यावर आत बुरशी सापडली. तेव्हापासून ठरलेला क्रम पाळते. लेन्स बॉडीवरून काढून, अपर्चर पूर्ण उघडून, मागून टॉर्च मारायचा आणि समोरून बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नका. धुळीचे चार कण चालतात. अपर्चरची पाती उघडझाप करून बघा. त्यांवर तेलाचा डाग असेल तर ती अडकतात. मग एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसेल. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात ती साफ करता येते. आत-बाहेर सरकणाऱ्या लेन्सच्या छोट्या कॅमेऱ्यात मात्र त्यासाठी सगळं उघडावं लागतं, तेव्हा तिथे जास्त चोखंदळ राहा. शटर किती वेळा उडालं आहे ते विचारा. अनेक बॉडींचं शटर एक ते दोन लाख वेळांसाठी बनवलेलं असतं. प्रत्येक बटण, प्रत्येक चाक फिरवा. बॅटरी फुगलेली नाही ना, कार्ड नीट बसतं ना, जवळ आणि दूर दोन्हीकडे फोकस लागतो ना, हे बघा आणि परत करायची मुदत लिहून घ्या.

बाकी सामान थोडकं ठेवा: मनगटाला अडकवायचा पट्टा, एक जादा बॅटरी, दोन लहान कार्डं, आणि चांगले बूट. मोठी कॅमेरा बॅग पाठीवर असली की लोक तुमच्याकडे बघतात आणि तुम्ही लवकर दमता.

सेटिंग एकदाच लावा

माणूस ताशी साधारण ५ किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर. १/६० सेकंदात तो सव्वादोन सेंटिमीटर सरकतो आणि फोटो हलतो. १/५०० ला हेच सरकणं तीन मिलिमीटरच्याही आत येतं. त्यामुळे दिवसा शटर १/५०० च्या खाली जाऊ देऊ नका. सोपा मार्ग असा: मोड अपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे अपर्चर तुम्ही ठरवता आणि शटर कॅमेरा; अपर्चर एफ/८, आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता ऑटो, त्याची वरची मर्यादा ६४००, किमान शटर १/५००. फोटोत थोडे दाणे आले तर येऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला बहुधा वाया जातो. बीप, फोकसचा दिवा आणि फोटो काढल्यावर स्क्रीनवर येणारी झलक, तिन्ही बंद करा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, आणि जेपीईजी दोन्ही साठवा.

फोकसचा भाग जरा सविस्तर सांगते, कारण इथेच या कामाची किल्ली आहे. ऑटोफोकस कितीही वेगवान असला तरी कोणावर लावायचा हे तुम्हाला ठरवावं लागतं, आणि तेवढ्यात क्षण निसटतो. झोन फोकसमध्ये तुम्ही अंतर आधीच लावून ठेवता. फुल फ्रेमवर ३५ मिमीची लेन्स एफ/८ ला तीन मीटरवर लावली की साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंतचं सगळं स्वच्छ येतं. एपीएस-सीवर २३ मिमी, एफ/८, तीन मीटर: सुमारे १.६ पासून ३० मीटरपर्यंत. २८ मिमीचं दृश्य देणाऱ्या १८ मिमीला तर दोन मीटरवर लावलं की एक मीटरपुढचं जवळजवळ सगळं. आता फोकसचा विचारच नको, फक्त माणूस त्या पट्ट्यात आहे का एवढं बघायचं. आणि चार पावलं म्हणजे तीन मीटर हे तुमचे पाय आता ओळखतात.

तुलनेसाठी, त्याच ३५ मिमीने एफ/२ ला तीन मीटरवर स्वच्छ पट्टा २.६ ते ३.५ मीटर, म्हणजे एक मीटरही उरत नाही. त्यामुळे दिवे लागल्यावर झोन फोकस सोडून द्या: एफ/२, १/१२५, आयएसओ ६४००, ऑटोफोकस मधल्या बिंदूवर, आणि थांबलेली माणसं शोधा. सायलेंट इलेक्ट्रॉनिक शटर एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे आणू शकतं आणि वेगात जाणारी वाहनं तिरकी करतं. रात्री साधं यांत्रिक शटरच वापरा.

रस्त्यावर कसं वागायचं

आधी उजेड बघा, मग पार्श्वभूमी, माणूस शेवटी. मागे पाट्या, खांब, गाड्यांची गर्दी असेल तर समोर कितीही सुंदर घडो, फोटो विस्कटतो. दोन पावलं बाजूला सरकून किंवा गुडघ्यात वाकून अनेकदा ही गर्दी डोक्यामागे लपवता येते.

कॅमेरा उघडपणे डोळ्याला लावा. सुरुवातीला मी कॅमेरा पोटाशी धरून, दुसरीकडे बघत फोटो काढायचे. एका बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी विचारलं, ‘फोटो काढलास ते ठीक, पण लपून का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. चोरून काढल्यामुळे त्यांना जे वाटलं, ते उघडपणे काढला असता तर वाटलं नसतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तेव्हापासून मी कॅमेरा लपवलेला नाही. नजरानजर झाली तर मान हलवते, हसते. कुणी विचारलं तर फोटो दाखवते, का काढला ते सांगते, आणि नको म्हटलं तर त्यांच्यासमोर पुसून टाकते. फोटो काढून लगेच पळू नका, स्क्रीनमध्येही डोकं घालू नका. तिथेच थोडं रेंगाळा.

कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे, आणि फोटो काढणं व तो प्रसिद्ध करणं या दोन गोष्टी अनेक ठिकाणी वेगळ्या मानल्या जातात. जर्मनीत १९०७ च्या कायद्यापासून माणसाचं चित्र प्रसिद्ध करायला, काही अपवाद वगळता, त्याची संमती लागते. हंगेरीत २०१४ पासून तर फोटो काढण्यासाठीही. जिथे जाल तिथला नियम आधी वाचा. कायद्यापलीकडे माझी स्वतःची रेघ अशी: जखमी, रडणारी, रस्त्यावर झोपलेली माणसं मी टिपत नाही, आणि ओळखू येणाऱ्या मुलांचे फोटो पालकांशी बोलल्याशिवाय कुठेही टाकत नाही.

घरी आल्यावर

त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत ठेवा आणि निवड मात्र लगेच करू नका. निदान दोन आठवडे जाऊ द्या. फोटो काढताना झालेला आनंद ताजा असतो तोवर तो फोटोतही आहे असा भास होतो. त्या दिवशी गुडघाभर पाण्यातून जाऊन काढलेला फोटो आपल्याला प्रिय असतो, पण बघणाऱ्याला ते पाणी माहीत नसतं. याचं दुसरं टोकही गाठू नका: १९८४ मध्ये विनोग्रँड गेला तेव्हा टिपलेले पण न धुतलेले सुमारे अडीच हजार रोल मागे राहिले होते, आणि त्यांतून काय निवडायचं हे इतरांना ठरवावं लागलं. महिन्यातून एक संध्याकाळ निवडीसाठी राखून ठेवा. दोनशे फोटोंतून एक हाती लागला तरी महिना चांगला गेला असं समजा. निवडलेले फोटो पोस्टकार्डाएवढे छापून टेबलावर पसरा, त्यांची अदलाबदल करा. स्क्रीनवर एकामागून एक बघताना लक्षात न येणारी गोष्ट तिथे दिसते: आपण वारंवार कशाकडे ओढले जातो.

सहा महिन्यांनी पावलांची ती वही पुन्हा काढा आणि दुसऱ्या आठवड्यातला सराव पुन्हा करा. आकडा बदलला नसेल तर नवं काही घ्यायची गरज नाही. मी ५० मिमीने सुरुवात केली होती. चार मीटरच्या आत यायला मला जवळपास एक वर्ष लागलं, अडीच मीटरवर यायला आणखी एक. त्या दिवशी ५० मिमी विकायला काढली आणि २८ मिमी घेतली.